रस्ता अडला की आंदोलन खुपते

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी निघालेले शेतकरी ठाण्यातून पुढे गेले, तेव्हा त्यांच्या सोललेल्या टाचा पाहून आमच्या सोसायटीतल्या लोकांनी पाणी आणि चपला नेऊन दिल्या. दहावीच्या मुलांचा खोळंबा नको म्हणून ते रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेले, याचे कौतुक आजही होते. मात्र रस्ता अडला की हीच माणसे आंदोलकांना दूषणे देतात, हे मला मनापासून खटकते. उरण तालुक्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यामुळेच नवी मुंबई शहरासाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. माझ्या बहिणीची खारघरमधील इमारत अशाच एका भूखंडावर उभी आहे.