पाणी गळतंय, तरी म्हणे डोळा कोरडा

मंगळवार, रात्री

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून दीडेक महिना झाला. नजर स्वच्छ आहे, तक्त्यावरची बारीक ओळही वाचता येते. पांढरा रंग इतका पांढरा असतो हे मी विसरूनच गेले होते. ह्यांचे सदरे तितके पांढरे धुतले जात नाहीत हेही त्याच दिवशी कळलं.

पण दुपार कलली की डोळा चुरचुरायला लागतो. पापणीखाली वाळूचा कण गेल्यासारखं खुपतं. आरशापाशी जाऊन पापणी ओढून पाहिली, तर आत काही नाही. वर पाणी घळाघळा. भाजीवालीनेसुद्धा विचारलं, "काय झालं आजी, रडताय?"

आज तपासणीत डॉक्टर म्हणाले, डोळा कोरडा पडलाय. मी म्हटलं, अहो, पदर भिजतोय माझा! तर म्हणे, अश्रूंचा थर नीट टिकत नाही, बुबुळाचा पृष्ठभाग उघडा पडतो, तो चुरचुरला की डोळा भसकन पाणी सोडतो. ते पाणी वाहून जातं, थर काही धरत नाही. खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. मग डोळ्याला रंग लावून निळ्या उजेडात पाहिलं. पापणी न लवता थर दहा सेकंदसुद्धा टिकला नाही, तर तो कमीच म्हणायचा.

कारण विचारलं. भिंग बसवायला बुबुळाच्या कडेला तीन मिलिमीटरच्या आतलीच चीर देतात, पण तिथल्या बारीक नसा तुटतात. ओल कमी झाली, पापणी मीट, हे सांगणाऱ्या नसा त्याच. त्या पुन्हा जुळून यायला काही महिने लागतात. बहुतेकांचं तीनेक महिन्यांत सुधारतं. शिवाय ऑपरेशननंतरच्या थेंबांत ते टिकावेत म्हणून जे औषध घालतात, तेही डोळ्याला झोंबतं. आणि पाळी गेलेल्या बायकांत कोरडेपणा मुळातच जास्त.

एवढं ठाऊक असतं, तर आधी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? सह्या घेताना पानंच्या पानं पुढे केली होती. डोक्यावरून अंघोळ नको, डोळा चोळू नका, सगळं बजावलं. हे तेवढं राहिलं.

आता ते झोंबणारं औषध नसलेल्या थेंबांच्या छोट्या कुप्या दिल्यात, दिवसातून चार वेळा. रात्री जेल, ते घातलं की घटकाभर सगळं धूसर. पंखा थेट तोंडावर नको. तांदूळ निवडताना आणि मोबाइल बघताना आपण पापणी लववायची विसरतो म्हणे. आज ताट पुढ्यात घेऊन मुद्दाम लक्ष दिलं. खडे शोधताना खरंच डोळे ताणलेले राहतात. समोरच्या वहिनींनी गुलाबपाणी सुचवलं, मग मध, मग एरंडेल. मान डोलावली, घालणार काहीही नाही.

डाव्या डोळ्याचं मात्र पुढे ढकललंय. पृष्ठभाग कोरडा असताना मापं घेतली तर भिंगाचा नंबर चुकू शकतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. ह्यांना पटलं नाही. एकदाचं उरकून टाक म्हणतात. दिवाळी होऊन जाऊ दे. भाजणी मी करून देईन, तळणीपाशी यंदा सूनबाई.