माडीवरची पेल एल

सिएरा नेवाडा पेल एल या अमेरिकन बियरची चव जिभेवरून जाईना, म्हणून डिसेंबरात टिळकवाडीतल्या आमच्या माडीवर दहा लिटरचा घाणा घातला. मूळ बियर ५.६ टक्क्यांची. जीव सगळा कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये, म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांमध्ये: संत्र्याच्या सालीसारखा, किंचित देवदारी वास. त्यातले बरेच मी उकळी थांबता थांबता टाकले, नाहीतर वास उडून नुसता कडूपणा उरतो.

माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, ६७ अंशांवरच्या पाण्यात तासभर मुरत होतं तेव्हा आई जिना चढून आली. “पेज करतोस होय रे?” वास तसाच होता खरा.

यीस्टला १८ ते २० अंश हवेत. उत्तरेकडच्या खोलीत बेळगावच्या थंडीनं ते फुकटात दिले. फेसासाठीची साखर मात्र बाटल्यांत अंदाजानं घातली. पहिली उघडली आणि फेस थेट छताला! उरलं त्यात कडूपणा अगदी बरोबर, रंग तेवढा कुंद्यासारखा, आमच्या बेळगावच्या तपकिरी मिठाईसारखा.