आधी हवा काढा

ऊडनाडाटा ट्रॅक म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातला मारी ते मार्ला हा कच्चा रस्ता. त्याच्या तयारीत निम्मा वेळ 'नको' म्हणण्यात जातो. ॲडलेडच्या एका दुकानात तर कमालच झाली. गाडी माझ्या नावावर, चालवणार मी, आणि विक्रेता बोलतोय माझ्या नवऱ्याशी! अडकलेली गाडी ओढायला विंच घ्या, पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा द्यायला स्नॉर्कल घ्या, टपावर दिव्यांची पट्टी घ्या. अहो, कांगारू आडवे येतात म्हणून अंधार पडल्यावर इथे शहाणा माणूस गाडी काढत नाही, दिवे काय ओवाळायला लावू? टपावर डिझेलचे कॅनही नको म्हटलं. मारीहून विल्यम क्रीक साधारण 200 किलोमीटर, पुढे ऊडनाडाटा गावही तेवढंच, आणि डिझेल दोन्हीकडे मिळतं.

पैसे घातले ते टायरांत. जाड बाजूंचे लाइट ट्रक टायर, आणि स्टेपन्या दोन. पाणी दोन वेगळ्या कॅनमध्ये, म्हणजे एक फुटला तरी घसा कोरडा पडणार नाही.

मारी सोडताना मी प्रेशर गेज काढला, तर नागपूरहून आलेले धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, लोक हवा भरतात, तुम्ही काढता कायले?" म्हटलं बरं, नाही काढत, बसा तसेच. रस्ता म्हणजे नुसता पन्हळी पत्रा. आरशात मागचं काही दिसेना, स्टेअरिंग हातात बडबडत होतं. मागे स्टीलच्या डब्याचं फिरकीचं झाकण आपोआप उघडलं आणि सासूबाईंनी पाठवलेला चिवडा सीटखाली गेला. तेव्हा दीरच म्हणाले, "थांबवा."

चारही टायर 38 पीएसआयवरून 26 वर आणले. टायर खाली लांबट पसरतो, खडा आला की फाटण्याऐवजी त्यावर दबून जातो, आणि निम्मे हादरे तोच गिळतो. मात्र वेग 80च्या आत. कमी हवेत जोरात पळवलं की टायरची बाजू तापून फाटते. दीर पुढे तासभर गप्प होते, हे विशेष.

आणखी एक: धूळ दिसली की सगळे बाहेरची हवा बंद करतात. मी उलट चालू ठेवते, पंखा मोठा. आत दाब राहिला की मागच्या दाराच्या फटीतून धूळ ओढली जात नाही. समोरून ट्रक आला तेवढ्यापुरतं बंद.

कती थांडा म्हणजेच लेक एअर हे सरोवर, 1980 साली बंद पडलेल्या जुन्या घान रेल्वेचे पूल, सगळं पाहिलं, फोटो काढले. कावर्ड स्प्रिंग्जला मुक्कामी लोक झऱ्याच्या कुंडात डुंबत होते, मी पाना घेऊन गाडीखाली. चाकांचे नट घट्ट होते, पण बॅटरीच्या पट्टीचा बोल्ट चक्क बोटांनी फिरत होता.

मार्लाला डांबर लागलं आणि काढलेली हवा परत भरायची वेळ आली. आमचा कॉम्प्रेसर एक टायर भरला की तापून बंद पडतो. भर उन्हात दीर त्याच्यावर टोपीने वारा घालत बसले होते. दिव्यांच्या पट्टीचे वाचलेले पैसे आता चांगल्या कॉम्प्रेसरला जाणार.