माउसचे बटण आणि एका अक्षराने खाल्लेले दोन दिवस

माझ्या माउसचे चाक फिरत होते, पण दाबले जात नव्हते. निवडलेला मजकूर मधल्या क्लिकने डकवण्याची लिनक्सवरची सवय एकदा लागली की हे फार अडते. अंगठ्याजवळचे ‘मागे’ जाण्याचे बटण मी क्वचितच वापरत असल्यामुळे त्यालाच मधले बटण करायचे ठरवले.

पूर्वी हे काम एक्सइनपुट या आज्ञेच्या एका ओळीत होत असे: बटणांच्या आकड्यांच्या रांगेत आठव्या, म्हणजे ‘मागे’च्या जागी ८ ऐवजी मधल्या बटणाचा २ लिहायचा. उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या आवृत्तीवर मात्र त्या आज्ञेच्या यादीत माउसच्या नावाऐवजी ‘एक्सवेलँड-पॉइंटर’ दिसू लागले, म्हणजे सत्र वेलँड या पडदा सांभाळणाऱ्या नव्या प्रणालीचे होते आणि माझी जुनी ओळ निरुपयोगी ठरली. लॉगिनच्या पडद्यावरील दातेरी चाकातून एक्सऑर्ग ही जुनी प्रणाली निवडता आली असती; पण एका बटणासाठी सगळे सत्र बदलणे मला पटले नाही.

म्हणून यूडेव्ह या, जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या लिनक्सच्या भागाच्या हार्डवेअर-कोशात, म्हणजे एचडब्ल्यूडीबीत, नोंद करायला घेतली. ‘ईव्हीटेस्ट’ ही आज्ञा चालवून बटण दाबल्यावर ९०००४ हा स्कॅनकोड, म्हणजे त्या बटणाचा अंतर्गत क्रमांक, लगेच मिळाला. फाइलमध्ये दोनच ओळी लागतात: पहिलीत माउसची ओळख आणि दुसरीत, सुरुवातीला एक जागा मोकळी सोडून, त्या कोडसमोर ‘बीटीएन_मिडल’, म्हणजे मधले बटण. कोश अद्ययावत केला, माउस काढून पुन्हा जोडला, संगणकही पुन्हा सुरू केला. काहीही बदलले नाही आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर आला नाही. यंत्राने निदान तक्रार तरी करावी, एवढीच माझी अपेक्षा होती. फाइलचे नाव बदलले, परवानग्या तपासल्या, तीच नोंद चार वेळा नव्याने लिहिली, आणि शनिवार-रविवार त्यातच संपले.

दोष एका अक्षराचा निघाला. माउसचा आकडे आणि इंग्रजी अक्षरांचा ओळख-क्रमांक मी ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने दाखवलेल्या यूएसबी उपकरणांच्या यादीतून उतरवला होता. तिथे त्यातला ‘डी’ लहान लिपीत छापला जातो, तर कोशाला तो मोठ्या लिपीतच हवा असतो. लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसलेल्या देवनागरीत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना तो फरक शेवटपर्यंत खटकला नाही. अक्षर सुधारून कोश पुन्हा अद्ययावत केला, माउस जोडला आणि पहिल्याच दाबाला मजकूर डकवला गेला. त्या क्षणी मी घरात कोणालाही न कळणारा विजय मोठ्याने जाहीर केला.

तेव्हा क्रमांक हाताने उतरवू नका. ‘सिस’ या प्रणालीच्या फोल्डरमधील त्या उपकरणाच्या ‘मोडॅलियस’ फाइलमधून तो जसाच्या तसा घ्या, कारण तिथे तो मोठ्या लिपीतच असतो. ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी क्वेरी’ या आज्ञेने कोशाला आधीच विचारले असते, तर रिकाम्या उत्तरावरून नोंद जुळत नसल्याचे दोन मिनिटांत कळले असते. आणि हे आधीच सांगायला हवे होते: डाव्या बटणावर प्रयोग करणार असाल, तर दुसरा माउस हाताशी ठेवा.

मागे जाण्यासाठी आता मी आल्ट आणि डावा बाण दाबतो. तरीही कधी सवयीने अंगठा दाबला जातो आणि मागचे पान उघडण्याऐवजी अर्धवट लिहिलेल्या पत्रात भलताच मजकूर येऊन पडतो.