माइल्सवर इस्तंबूल, अथेन्स, रोम, लिस्बन: तिकिटं कशी जुळवली

इस्तंबूलला चार रात्री, अथेन्सला चार, रोमला तीन, लिस्बनला पाच आणि लिस्बनहूनच परत. जाता-येतानाची लांब पल्ल्याची तिकिटं माइल्सवर, म्हणजे विमान कंपन्यांच्या बक्षीस कार्यक्रमांत जमणाऱ्या गुणांवर काढली. अथेन्स-रोम आणि रोम-लिस्बन ही छोटी उड्डाणं रोख पैसे भरून.

माइल्स कुठे खर्चायचे, हे हिशेबानेच ठरवा. रोख भाड्यातून माइल्सच्या तिकिटावर भरावे लागणारे कर वजा करा आणि उरलेल्या रकमेला माइल्सच्या संख्येने भागा. एका माइलच्या किमतीचा हा आकडा प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा काढा. स्वस्त विमान कंपन्यांची चढाओढ असलेल्या मार्गांवर तो इतका कमी येतो की तिथे माइल्स घालवणं म्हणजे नासाडीच.

शहरांचा क्रम मात्र व्हिसाने ठरवला. अथेन्स, रोम, लिस्बन शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येतात, इस्तंबूल येत नाही. ते मध्ये घातलं असतं तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा तिथे जाताच संपला असता आणि पुढचा प्रवास अडला असता. म्हणून इस्तंबूल पहिलं. तुर्कियेच्या व्हिसाचे नियम आपापल्या पासपोर्टप्रमाणे वेगळे पाहावे लागतात. शेंगेनचा अर्ज सर्वांत जास्त मुक्काम असलेल्या देशाकडे करायचा, इथे पोर्तुगालकडे. दिवस मोजताना प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस धरा: बारा रात्री म्हणजे १३ दिवस.

इस्तंबूलचा मुक्काम जवळजवळ फुकट पडतो. एअर कॅनडाच्या एरोप्लान या माइल्सच्या कार्यक्रमात एकेरी तिकिटावरही ५,००० पॉइंट (तिथे माइल्सना हेच म्हणतात) जादा देऊन स्टॉपओव्हर, म्हणजे २४ तासांपेक्षा लांब थांबा, घेता येतो. टर्किश आणि एजियन या दोन्ही कंपन्या एअर कॅनडासारख्याच स्टार अलायन्स या गटात असल्यामुळे अथेन्सपर्यंत एकच तिकीट होतं. आधी प्रत्येक टप्पा सुटा शोधा, तारखा लिहून ठेवा, मग एकत्र जोडून पाहा. सुटे दिसणारे टप्पे जोडल्यावर कधीकधी गायब होतात. अशा वेळी तारीख एक-दोन दिवस पुढे-मागे करून बघायची.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे क्रेडिट कार्डाचे पॉइंट आधीच विमान कंपनीकडे वळवणं. ते सहसा परत येत नाहीत. शिवाय साइटवर दिसणारी जागा प्रत्यक्षात नसतेही! त्याच अलायन्सच्या दुसऱ्या कंपनीच्या साइटवर ती दिसते का ते तपासा आणि मगच पॉइंट वळवा.

‘माइल्सवर फुकट’ यावर विसंबू नका. काही कार्यक्रम इंधन अधिभार लावतात, एरोप्लान लावत नाही. एकाच विमानातल्या एकाच जागेची रोख रक्कम त्यामुळे खूप बदलते. परतीसाठी लंडन टाळलं तेही याच कारणाने: तिथे मुक्काम करून निघालं की ब्रिटनचा प्रवासी कर भरावा लागतो.

पैसे भरल्यावर १३ अंकी ई-तिकीट क्रमांक आला का ते पाहा. नुसता सहा अक्षरी पीएनआर (बुकिंगचा संकेतांक) म्हणजे तिकीट निघालंच असं नव्हे. वेळापत्रक बदललं तर ज्या कार्यक्रमातून तिकीट काढलं त्यांनाच फोन करायचा. एखादा मधला टप्पा न कळवता सोडला तर त्या तिकिटावरचे पुढचे टप्पे रद्द होतात.

रोख तिकिटं काढताना विमानतळाचं नाव वाचा. रोमला फ्युमिचिनो आणि चांपिनो असे दोन आहेत. लिस्बनला परतीच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान दोन दिवस आधी पोहोचा: तिकिटं वेगवेगळी असल्यामुळे रोमचं विमान चुकलं तर परतीच्या विमानाची जबाबदारी कोणीच घेत नाही.