मोरपंखी की बदामी? नमुन्यांपर्यंत काम आलं

खोलीच्या भिंतींसाठी शेडकार्डवरून छाटत छाटत शेवटी दोनच रंग उरलेत: गडद मोरपंखी आणि फिका बदामी. नमुने थेट भिंतीवर मारले नाहीत. जाड पुठ्ठ्यांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, लावून दोन-दोन हात दिले आणि कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडली. जुन्या पिवळट भिंतीला चिकटून मोरपंखी उगाच जास्त निळा दिसतो. मधे पांढरं आलं की डोळा फसत नाही. शिवाय पुठ्ठा हवा तिथे हलवता येतो. आणि नमुना पूर्ण वाळेपर्यंत मत बनवायचं नाही, इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, ओलं असताना वेगळंच दिसतं.

शेडकार्डच्या मागे एलआरव्ही दिलेली असते, म्हणजे पडलेल्या उजेडातला किती टक्के परत येणार तो आकडा. बदामी ६० च्या वर, मोरपंखी १० च्या आत. तेवढ्यावर बदामी जिंकायला हवा होता. पण भर दुपारी तो इतका धुऊन निघतो की भिंतीला रंग दिलाय की नुसता प्रायमर, कळत नाही. मोरपंखी तेव्हाच खुलतो.

दिवे लागले की पारडं फिरतं. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तेवढा उजेड पिवळा, जास्त तेवढा निळसर पांढरा. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्यात मोरपंखीतला निळा जवळजवळ विझतो, उरतो तो काळपट हिरवा. बदामी मात्र उबदार होतो. ६५०० ला उलट: मोरपंखी ताजा, बदामी आजारी राखाडी. ४००० वर दोघंही शहाण्यासारखे वागतात, म्हणून आता दिवे तेच.

कातरवेळी, दिवे लावण्याआधी, एक गंमत दिसली. शेजारची मरून उशी पार काळी पडली, तरी मोरपंखी पुठ्ठा तग धरून होता. अंधुक उजेडात आपला डोळा लाल रंगाला मंद आणि निळ्या-हिरव्याला तल्लख होतो. यालाच पुर्किन्ये परिणाम म्हणतात.

माझा कौल: दोन्ही, पण मोरपंखी फक्त खिडकीच्या समोरच्या भिंतीला. खिडकीच्याच भिंतीला गडद रंग दिला की काचेतला उजेड डोळ्यांवर येतो. बाजूच्या भिंतीवर तिरपा उजेड पडून लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक उंचवटा दिसतो. बाकी तीन भिंती बदामी.

अडलंय ते फिनिशवर, म्हणजे रंगाला चमक किती हवी यावर. हलकी चमक असलेलं सॅटिन पुसायला सोपं, पण गडद रंगात भिंतीचे सगळे दोष दाखवतं. बिनचमकीचं मॅट दोष झाकतं, मात्र जिथे हात किंवा खुर्चीची पाठ घासते तिथे चकचकीत चट्टे पडतात. मी मॅटकडे झुकलोय, खुर्ची हलवता येते.

पुढचं काम म्हणजे समोरची भिंत पॉलिश पेपरने घासून खड्ड्यांत लांबी भरायची, मग राखाडी छटेचा प्रायमर. पांढऱ्यावर मोरपंखीला जास्त हात लागतात. गडद मॅटचं टचअप बेमालूम करायची युक्ती कुणाकडे असेल तर रोलर हातात घेण्याआधी सांगा.