हनुवटीवरचं गोंदण

रत्नागिरीत माझं व्हिडिओ एडिटिंगचं छोटं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एक काका मिनीडीव्ही कॅसेट घेऊन आले. २००१ सालचं, त्यांच्या मुलाच्या बारशाचं शूटिंग. पाळण्यातला तो मुलगा आता मालवाहू जहाजावर आहे, आणि पाळणा म्हणणारी त्याची आजी महिन्यापूर्वी गेली. त्याला यायला मिळालं नाही.

"आई पाळणा म्हणते तेवढंच पाठवायचंय. पण जहाजावर वीस एमबीच्या वर काही उतरत नाही म्हणतो."

तो भाग आठ मिनिटांचा. कॅसेटवरून जसाच्या तसा घेतला तर पावणेदोन जीबी. वीस एमबी म्हणजे, आठ बिटांचा एक बाइट धरून, १,६०,००० किलोबिट. भागिले ४८० सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३३. त्यातले ६४ मी आवाजासाठी राखले. आजीच्या आवाजात काटकसर करायची नव्हती. एच.२६५ या नव्या, फाईल जास्त लहान करणाऱ्या व्हिडिओ-प्रकाराने काम सोपं झालं असतं, पण मुलाचा लॅपटॉप जुना. म्हणून त्याआधीचा एच.२६४, टू-पास, म्हणजे एकदा क्लिप तपासायची आणि दुसऱ्या फेरीत बिट वाटायचे.

पहिली फाईल बघवेना. समईच्या उजेडातलं शूटिंग, अंधाऱ्या भिंतीवर नुसती मुंग्यांसारखी वळवळ. ती प्रत्येक फ्रेममध्ये नवी असते, त्यामुळे एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, मागच्या फ्रेमवरून काही उचलता येत नाही. सगळे बिट भिंत खाते आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. त्यात इंटरलेसिंग, म्हणजे एका फ्रेममधल्या एकाआड एक ओळी वेगळ्या क्षणाच्या; पाळणा हलला की कडांना फणीचे दात. मी डीइंटरलेस केलं, फ्रेम ६४० बाय ४८०वर आणली आणि ती वळवळ, म्हणजे नॉइज, काढायचा फिल्टर चांगला जोरात लावला. भिंत स्वच्छ, फाईल १९ एमबी. खुशीत काकांना बोलावलं.

ते पडद्याजवळ वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं हो?"

मूळ चित्र शेजारी लावलं. तीन हिरवट ठिपके, पुसट पण होते. माझ्या फिल्टरने ते नॉइज समजून पुसले होते, कपाळावरच्या सुरकुत्यांसकट. पोटात कालवलं.

फिल्टर निम्म्यावर आणला. एक्स२६४ या एच.२६४च्या एन्कोडरमध्ये 'झोन्स' म्हणून सोय आहे, क्लिपच्या ठरावीक भागाला जास्त बिट देता येतात. मध्येच कॅमेरा घुगऱ्या वाटणाऱ्या बायकांकडे वळतो, तिथले बिट कापले आणि आजीच्या क्लोजअपला दुप्पट दिले. बायकांच्या साड्यांचे काठ थोडे विरघळले. ते मी चालवून घेतलं. तिसऱ्या खेपेला जमलं.

काकांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आहे. आता आहे."

पावणेदोन जीबीची मूळ फाईलही पेनड्राइव्हवर दिली, ती पुसू नका म्हणून दोनदा बजावलं.

तिसऱ्या दिवशी काका मुद्दाम सांगायला आले. मुलाला फाईल मिळाली होती. पाळण्यात आजीने घेतलेलं त्याचं नाव त्याला स्पष्ट ऐकू आलं.